शिवणीतलं नाव

पतपेढीत बावीस वर्षं नोटा मोजून
बोटांना कागद कळायला लागला.
एकशेवीस जीएसएम, जरा दमट, तंतू आडवे:
डोळे मिटून सांगते.

हे पोस्टानं आलं, भिजू नये म्हणून
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.
बत्तीस पानं, चाळीस प्रती, माझी सतरावी,
आकडा पेन्सिलीनं, साताचा पाय लांबलेला.
नाव: मीटर.
फोटो, शिलाई आणि सगळा खर्च: भाविका मढवी,
घणसोली गावठाण.
कोपरखैरण्याहून चालत गेलं तर पंचवीस मिनिटं.
टपालाला चार दिवस लागतात.

आत जिन्याखालचे विजेचे बोर्ड. माणूस एकही नाही.
फळीवर मार्करनं यादव, त्यावर काट,
गुप्ता, त्यावर काट,
नर्सबाई दोघी,
मग नुसतंच: रिकामी.
एका मीटरच्या काचेवर टिकली.
एका फ्यूजमागे पालीची दोन अंडी.

तारकर वहिनी साखर मागायला आल्या,
म्हणाल्या, कुणाच्या लग्नाचा अल्बम?
पान पान बघत बसल्या, साखर विसरल्या.
उठताना म्हणाल्या, आमचा बोर्ड याहून स्वच्छ आहे.
मला इतकं थोडक्यात कधी जमलं नाही.

मी परीक्षण पोस्टकार्डावर लिहिते.
एकच कार्ड, करणाऱ्यालाच, नक्कल ठेवत नाही.
कौतुकाला दोन ओळी, बाकी कामाचं.

*भाविका,
काळा रंग छान खोल उतरलाय, छापणाऱ्याला सांग.
अकरावं पान फार देखणं झालंय.
ती उन्हाची तिरीप काढ,
ती तुझी नाही, कॅलेंडरवाल्यांची आहे.
मधल्या जोडपानावर चूक:
एक नाव शिवणीत गेलंय,
थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे,
मधली अक्षरं दोऱ्यानं गिळली.
पुढच्या खेपेला अर्धा इंच सरकव.*

कार्डात लिहिलं नाही ते असं,
की ते नाव वाचायला मी दिव्याखाली पानं ताणली,
आणखी ताणली,
आणि दोरा तुटला.
दोन अक्षरं वर आली. मी पुस्तक मिटलं.

अकराव्या दिवशी उत्तर, वहीच्या रेघी कागदावर:

*मावशी, ते सरकवायचं नाही.
ते माझ्या दादाचं.
बाबांनी त्याला रूम नंबर दोन भाड्यानं दिली होती,
स्वतःच्या पोराला, महिन्याला पावती फाडून.
आता तो नाही.
ती फळी बाबा पुसू देत नाहीत,
आणि कुणी वाचायला थांबलं
तर जिन्यातला दिवा घालवतात.*

माझी पुस्तकं पलंगाखाली, एपीएमसीतून आणलेल्या
आंब्याच्या पेट्यांत. एकशे चौदा झाली.
बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या
मी ओळखीपाळखीतून मागून आणते, लाजत नाही.
तरी सिमेंटच्या कारखान्यावरचं पुस्तकसुद्धा
उघडलं की आधी पेंढ्याचा वास येतो.

त्या रात्री खाली जाऊन आमचा बोर्ड बघितला.
वहिनी खरं बोलल्या, स्वच्छ आहे.
कुणाचंच नाव नाही. सिडकोचे आकडे, ओळीनं.

मग गोधडीची सुई घेतली.
भोकं तिचीच, पाच. नवं एकही पाडलं नाही.
तिचा दोरा मेणाचा, काळा,
माझा ब्लाउजचा, जांभळट. घरात तोच होता.
दोन अक्षरं हळूहळू आत गेली.
मी दुसरीकडे बघत शिवलं, बोटाला टोचलं.

नोंदवहीत 'स्थिती'च्या रकान्यात लिहिलं: उत्तम.
खोडलं. लिहिलं: दुरुस्त.
तेही खोडलं. आता तिथे
नुसती तारीख आहे.

दुसरं कार्ड टाकलं, चारच ओळींचं:

*शिवणीबद्दल मी चुकले.
तुझी प्रत माझ्या हातून उसवली होती, शिवली आहे.
दोऱ्याचा रंग वेगळा दिसेल.
अकराव्या पानाचं मत मात्र कायम.*